राजा आणि दुभाष्या
(अहमदू कुरुमा यांच्या ‘मोन्ने’ या कादंबरीच्या निमित्तानें)

जित समाजाच्या लेखकानें आपल्या पूर्वजांस हसावें कीं नाहीं, हा प्रश्न वाङ्मयचर्चेंत वारंवार निघतो आणि बहुधा विचारापेक्षां भावनेच्या भरांतच निकालांत निघतो. ज्यांचें राज्य गेलें, ज्यांची भाषा कचेरीच्या उंबरठ्याबाहेर बसविण्यांत आली, ज्यांच्या देवधर्माची परक्यांनीं यथेच्छ टवाळी केली, त्यांच्यांतीलच एखाद्यानें लेखणी हातीं घेतल्यावर निदान वाडवडिलांची अब्रू तरी झांकावी, असें एका पक्षाचें म्हणणें असतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, कलेला आप आणि पर नाहीं. जेथें दोष दिसेल तेथें उपहासाचा आसूड उगारणें हेंच लेखकाचें काम. पहिल्या पक्षाचा शेवट पोवाड्यांत होतो, दुसऱ्याचा पुष्कळदां परक्यांच्या टाळ्यांत होतो. या दोहोंच्या मधून जाणारी वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरून तोल न जाऊं देतां शेवटपर्यंत चाललेले ग्रंथकार थोडे. अशा थोड्यांपैकीं एक, पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्टचे कादंबरीकार अहमदू कुरुमा, यांच्या ‘मोन्ने’ या कादंबरीचा वाचकांस परिचय करून द्यावा आणि त्या निमित्तानें वरील प्रश्नाचा थोडा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कुरुमा यांचा जन्म १९२७ सालींचा. ते मालिंके लोकांपैकीं, म्हणजे ज्या मान्डिंगो वंशानें तेराव्या शतकांत मालीचें साम्राज्य उभारलें त्या वंशांतले. तरुणपणीं फ्रेंचांच्या वसाहती फौजेंत त्यांना इंडोचायनांत नोकरी करावी लागली. पुढें फ्रान्समध्यें लिआं येथें शिकून ते विम्याच्या धंद्यांतील गणिती झाले. मनुष्यें किती वर्षें जगतात याचीं कोष्टकें मांडणें हा ज्यांचा उद्योग, त्यांनीं आपल्या नायकास सव्वाशें वर्षें जगवावें, यांतील गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. १९६० सालीं देश स्वतंत्र झाला. १९६३ सालीं नव्या स्वदेशी सरकारनें केलेल्या धरपकडींत कुरुमा सांपडले, आणि त्यानंतर त्यांच्या आयुष्याचीं बरींच वर्षें अल्जीरिया, कॅमेरून, टोगो अशा परदेशांत गेलीं. २००३ सालीं लिआं येथेंच त्यांचा अंत झाला. त्यांची पहिली कादंबरी, ‘स्वातंत्र्यांचे सूर्य’ असें जिच्या नांवाचें भाषांतर होईल ती, फ्रान्सच्या प्रकाशकांनीं नाकारल्यामुळें १९६८ सालीं कानडांत माँट्रिऑल येथें छापली गेली. फ्रेंच भाषा मालिंकेच्या वळणावर वांकवून लिहिलेली ती फ्रेंच पॅरिसच्या कानांस अशुद्ध वाटली. दोनच वर्षांनीं पॅरिसनें ती आपलीशी केली, ही गोष्ट निराळी. त्यानंतर वीस वर्षांच्या अंतरानें, १९९० सालीं, ‘मोन्ने’ प्रसिद्ध झाली. आम्हीं ती १९९३ सालीं निघालेल्या निड्रा पोलर यांच्या इंग्रजी भाषांतरांतून वाचली आहे, आणि ज्या ग्रंथाचा विषयच दुभाष्या आहे तो दुभाष्याच्या हातून घेतांना जी सावधगिरी बाळगावयास हवी ती बाळगून पुढील विधानें करीत आहों.

प्रथम नांवाविषयीं. ‘मोन्ने’ हा मालिंके शब्द. त्याला जोडून ग्रंथकारांनीं फ्रेंचांत दोन शब्द ठेवले आहेत, त्यांचा अर्थ अपमान आणि आव्हानें असा होतो. ग्रंथारंभीं एक लहानसा प्रसंग आहे. एक शतायुषी वृद्ध एका गोऱ्यास विचारतो कीं, या शब्दाला तुमच्या भाषेंत काय म्हणतात. गोरा एकामागून एक शब्द सुचवितो. प्रत्येक शब्द थोडा जुळतो आणि थोडा उरतो. अखेर असा शब्द आपल्या भाषेंत नाहीं, असें त्याला कबूल करावें लागतें. त्यावरून वृद्ध आपल्या परीनें अनुमान काढतो कीं, ज्यांच्याजवळ शब्द नाहीं त्यांना ती वस्तुहि ठाऊक नसावी. हें अनुमान तर्कशास्त्राच्या कसोटीस उतरणारें नाहीं, तरी कादंबरीचें बीज त्यांतच आहे. मराठी वाचकास मात्र हा शब्द तितका परका वाटूं नये. मानहानि, पाणउतारा, विटंबना, अवहेलना आणि या सर्वांच्या मागें उरणारा, बोलूनहि न दाखवितां येणारा दांतओठ चावण्याचा संताप, एवढें एकत्र केलें कीं, ‘मोन्ने’च्या आसपास आपण येतों. एका शब्दांत तें आपणांसहि सांगतां येणार नाहीं. परंतु तें काय आहे हें विचारण्याची पाळी आपणांवर येत नाहीं.

कथा सोबा नांवाच्या एका कल्पित मान्डिंगो राज्याची आहे. राजा जिगी कैता यास आपल्या वंशाची सत्ता अखंड टिकावी अशी एकच इच्छा आहे, आणि कादंबरीचें पहिलेंच दृश्य त्या इच्छेसाठीं वाहिलेल्या रक्ताचें आहे. बळीमागून बळी पडतात, पशूंनीं भागत नाहीं म्हणून माणसें पडतात. पुढें फ्रेंच फौजा येत असल्याची वार्ता येते. समोरी तुरे या ऐतिहासिक पुरुषाचा या ठिकाणीं कथेंत प्रवेश होतो. समोरीनें सोळा-सतरा वर्षें फ्रेंचांशीं झुंज दिली. मुलूख जाळीत, माणसें हालवीत तो पूर्वेकडे हटत गेला, १८९८ सालीं पकडला गेला आणि १९०० सालीं गाबोंत बंदिवासांत वारला. त्याचा संदेश जिगीकडे येतो कीं, शहर उद्ध्वस्त करून मागें हटावें. जिगीला हें मानवत नाहीं. तो पळणार नाहीं, तटबंदी बांधणार. आणि मंत्रतंत्रानें भारलेली टेंकडी पाठीशीं असतां शत्रु येईलच कोठून? शत्रु नेमका त्या टेंकडीवरूनच येतो. एक गोळीहि न झाडतां गोऱ्यांची तुकडी शहरांत शिरते.

येथें कादंबरींतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडतो. राजा घोड्यावर बसून गोऱ्या कप्तानासमोर जातो आणि वंशपरंपरेच्या भाषेंत त्याला आव्हान देतो: शाप, शपथा, पूर्वजांचीं नांवें, युद्धाचें आमंत्रण, कांहीं कमी नाहीं. मध्यें दुभाष्या उभा आहे. तो फ्रेंचांच्या पदरचा काळा शिपाई, नांव सुमारे. मालिंके समाजांत कांहीं कुळांमध्यें पिढीजाद थट्टेचें नातें असतें. आपल्याकडे दीर-भावजयींत किंवा मेहुण्यांत जी मोकळीक चालते तीच तेथें दोन कुळांत चालते, आणि तिच्याबरोबर एकमेकांच्या जिवाचें रक्षण करण्याचें कर्तव्यहि येतें. कैता आणि सुमारे हीं अशीं कुळें. दुभाष्या राजाचें आव्हान कप्तानापर्यंत पोंचूंच देत नाहीं. राजा शरण आला आहे असा समज तो होऊं देतो. मग राजाकडे वळून, आपण त्याचा एक शब्दहि भाषांतरिला नाहीं, कारण आपण त्याचे थट्टेचे भाऊ आहोंत, असें तो शांतपणें सांगतो. शहर वाचतें. राजाला शरणागतीच्या विधीचें पेय प्यावें लागतें. शौर्याचें भाषण झालें, पण ऐकणारास तें कधीं कळलेंच नाहीं.

नारायणराव पेशव्यांच्या खुनासंबंधीं ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आपल्याकडील दंतकथा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. तींत एक अक्षर बदलल्यामुळें एक जीव जातो. सोबांत सगळींच अक्षरें गाळल्यामुळें सहस्र जीव वाचतात. पण आनंदीबाईची दंतकथा दुष्टाव्याची आहे, म्हणून ती समजण्यास सोपी. सुमारेचें कृत्य दयेचें आहे, आणि कुरुमा यांच्या उपहासाची खरी धार येथें आहे. या दयेनें राजाचा जीव राखला व त्याचा सगळा अर्थ हिरावला. येथून पुढें सोबांतील राज्यकारभार म्हणजे एका न झालेल्या संभाषणाचा विस्तार होय. गोरा अंमलदार ‘सुधारणा’ म्हणतो. दुभाष्या त्याचें मालिंकेंत ‘गोरें होणें’ असें कांहींसें करतो. फ्रान्समध्यें मार्शल पेतां आणि जनरल द गोल यांचें वांकडें येतें. सोबाच्या दरबारांत तें राजघराण्यांतील भाऊबंदकीच्या गोष्टीचें रूप घेऊन पोंचतें. वाचक हसतो, आणि हसतां हसतां त्याच्या ध्यानांत येतें कीं, हें भाषांतर चुकीचें आहे खरें, पण खोटें आहे असें म्हणवत नाहीं. ‘सुधारणा’ या शब्दाचा वसाहतींत प्रत्यक्ष जो अर्थ होता तो दुभाष्याच्या चुकीच्या शब्दांत अधिक प्रामाणिकपणें उतरला आहे.

आफ्रिकेच्या कथावाङ्मयांत दुभाष्या ही मोठी व्यक्ति आहे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या पहिल्या कादंबरींत मिशनऱ्याच्या दुभाष्याची बोली निराळी असल्यामुळें गांवकरी त्याला हसतात. पण तेथें तो विनोद क्षणाचा आहे. अमादू हांपाते बा यांनीं १९७३ सालीं वांग्रां नांवाच्या दुभाष्याचें सबंध चरित्रच लिहिलें. हा वांग्रां दोन्ही बाजूंस फसवून गबर होतो, आणि लेखक त्याच्या लबाडीवर लुब्ध आहे. कुरुमा यांचा सुमारे या दोघांहून खोल आहे. तो मूर्ख नाहीं व केवळ लबाडहि नाहीं. सत्तेचें खरें स्थान सिंहासनावर नाहीं, कप्तानाच्या बंदुकींतहि पुरतें नाहीं, दोघांमधल्या हातभर अंतरांत आहे, हें त्याला कळलेलें आहे. आणि त्या अंतरांत जो उभा राहतो त्याचे हात स्वच्छ राहत नाहींत, हेंहि. इंग्रजी शिकून दोन भाषांच्या मधल्या जागेंत ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हांसारख्या मास्तरांस हें पात्र वाचतांना फारसें स्वस्थ बसवत नाहीं. परभाषेंतील ज्या गोष्टी आम्हीं विद्यार्थ्यांच्या कानीं घातल्या त्यांत आम्हीं काय गाळलें आणि कोणाच्या सोयीसाठीं गाळलें, याचा हिशेब कोणी मागितला नाहीं, म्हणून तो देणें नाहीं असें होत नाहीं.

आतां आगगाडीकडे वळूं. जिगीच्या इमानदारीवर प्रसन्न होऊन गोरे सरकार त्याला एक देणगी कबूल करतें: सोबापर्यंत आगगाडी. इतका मान कोणत्याहि काळ्या राजास मिळालेला नाहीं, असें त्याला सांगण्यांत येतें. मात्र रूळ टाकावयास माणसें हवीत, तीं राजानें द्यावयाचीं. राजा माणसें देतो. तीं मरतात, आणखी देतो. डोईपट्टी वसूल करून देतो, फौजेसाठीं तरुण देतो, धान्य देतो, गुरें देतो. दर शुक्रवारीं अंमलदाराच्या कचेरीवर मुजऱ्यास जातो. गांवें ओस पडतात. आगगाडी येत नाहीं.

हा भाग अतिशयोक्तीचा वाटेल, म्हणून इतिहासाकडे एक दृष्टि टाकावी. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेंत वेठ ही कायदेशीर संस्था होती. ‘एतद्देशीयांचा कायदा’ म्हणून जो ओळखला जाई त्यान्वयें गोऱ्या अंमलदारास, न्यायाधीशासमोर उभें न करितां, कोणाहि प्रजाजनास तुरुंगांत टाकतां येई. पहिल्या महायुद्धांत या प्रदेशांतून दीड लाखाहून अधिक शिपाई भरती करून नेण्यांत आले. आबिजान येथून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग १९१२ सालीं बुआके येथें, १९३४ सालीं बोबो-दियुलासो येथें आणि १९५४ सालीं वागादुगू येथें पोंचला. कुरुमा यांच्या बालपणाचा बूंदियालीकडचा प्रांत त्यानें बाजूलाच टाकला. वेठ बंद करणारा कायदा फ्रेंच लोकसभेनें ११ एप्रिल १९४६ रोजीं मंजूर केला, आणि तो ज्यांच्या नांवानें ओळखला जातो त्या उफुए-ब्वान्यी यांच्याच राजवटींत पुढें १९६३ सालीं कुरुमा यांना तुरुंग पाहावा लागला. हें सर्व माहीत असतां जिगीची आगगाडी अतिशयोक्ति राहत नाहीं. ती पन्नास वर्षांच्या इतिहासाची एका वस्तूंत केलेली बेरीज आहे. विम्याच्या गणित्याचा हात येथें दिसतो. किती माणसें दिलीं आणि किती कोस रूळ मिळाला, हा हिशेब त्यांनीं मांडला आहे आणि उत्तर शून्य ठेवलें आहे.

या हिशेबांत राजाला कोठेंहि सूट नाहीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. जिगी भाबडा आहे, तसाच क्रूर आहे. आगगाडीची हांव त्याची स्वतःची आहे. गोऱ्यांनीं फसविलें हें खरें. परंतु फसविले गेलेल्या राजानें स्वतः कांहीं गमावलें नाहीं, गमावलें तें रयतेनें. त्याचा भाट, ज्याला तिकडे ग्रिओ म्हणतात तो, प्रत्येक मानहानीचें तत्काळ कवन करतो आणि त्या कवनांत मानहानि शोभिवंत होऊन निघते. भाटाच्या या उद्योगाकडे कुरुमा ज्या मिस्किल दृष्टीनें पाहतात ती दृष्टि पोवाड्यांवर वाढलेल्या वाचकांनीं अवश्य पाहावी. तरीहि पुढें अतिवृद्ध झालेला जिगी जेव्हां मुजरा बंद करतो, अंग काढून घेतो, आणि फ्रेंचांच्या ओंजळीनें पाणी पिणारा त्याचा मुलगा बेमा त्याच्या जागीं येतो, तेव्हां त्या थेरड्या हट्टांत खरें राजेपण प्रथमच दिसतें. लेखक हसत हसत त्याला उंच करतो. उपहासानें पात्राची उंची वाढावी, हें अवघड काम आहे.

हें कसें साधलें, याचें उत्तर आमच्या मतें निवेदनांत आहे. ही कथा कोण सांगतें? कधीं एखादा तटस्थ निवेदक, कधीं स्वतः राजा, कधीं आणखी कोणी. परंतु वारंवार आणि विशेष जोरानें बोलतें तें ‘आम्ही’: सोबाचे लोक. वेठीस गेलेले तेच, राजाच्या मिरवणुकींत नाचलेले तेच, आगगाडीच्या स्वप्नावर विश्वास ठेवणारे तेच. हा ‘आम्ही’ कोणाला हसतो? राजाला, गोऱ्याला, भाटाला. पण प्रत्येक वेळीं त्या हसण्याचें टोंक स्वतःकडे वळलेलें असतें. लेखक गॅलरींत बसून खालच्या रंगमंचावरील माणसांस हसत नाहीं. तो गर्दींत उभा आहे. आपल्या पूर्वजांस हसण्याचा अधिकार कोणाला, या आरंभींच्या प्रश्नाचें निम्में उत्तर येथें मिळतें. ज्याला त्या हसण्याचा वण स्वतःच्या अंगावर दाखवितां येईल त्याला.

उरलेलें निम्में उत्तर एका दुसऱ्या कादंबरीशीं तुलना केली असतां मिळतें. १९६८ सालींच, म्हणजे कुरुमा यांची पहिली कादंबरी निघाली त्याच वर्षीं, मालीचे यांबो उओलोगेम या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाची ‘हिंसेचें कर्तव्य’ ही कादंबरी पॅरिसमध्यें निघाली आणि तिला रेनोदो पारितोषिक मिळालें. तींत नाकेम नांवाच्या कल्पित साम्राज्याची १२०२ पासून १९४७ पर्यंतची कहाणी आहे. सैफ नांवाचे राजे पिढ्यान् पिढ्या खून, गुलामगिरी, विषारी सर्प आणि कपट यांच्या बळावर राज्य करतात. फ्रेंच येतात तेव्हां तेहि सैफाच्या हातांतील बाहुलीं होतात. जर्मन मानवशास्त्रज्ञ फ्रोबेनिउस, ज्यांच्या आफ्रिकास्तुतीवर सेंघोर आदि कवींची एक पिढी पोसली होती, त्यांचें श्रोबेनिउस नांवानें काढलेलें व्यंगचित्र तर निर्दय आणि अतिशय विनोदी आहे. पुढें १९७२ सालीं या कादंबरींत ग्रॅहॅम ग्रीन यांच्या पुस्तकांतील मजकूर उचलला असल्याचा बोभाटा लंडनमध्यें झाला. आंद्रे श्वार्ट्स-बार यांच्या कादंबरीचेंहि ऋण उघडकीस आलें. लेखक मायदेशीं परतला आणि २०१७ सालीं मरेपर्यंत वाङ्मयाच्या व्यवहारापासून दूर राहिला. २०२१ सालीं सेनेगलचे मोहामेद एम्बूगार सार यांनीं त्यांस अर्पण केलेल्या कादंबरीला गोंकूर पारितोषिक मिळालें, तेव्हां जगाला त्यांची पुन्हां आठवण झाली.

उसनवारीच्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. उओलोगेम यांची प्रतिभा कुरुमा यांच्यापेक्षां अधिक दाहक आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. प्राचीन आफ्रिका म्हणजे सुवर्णयुग, या गोड समजुतीवर त्यांनीं जो घाव घातला तो घालणें जरूर होतें. पण त्यांच्या उपहासास तारीख नाहीं. १२०२ सालीं जी हिंसा, तीच १९०० सालीं, तीच १९४७ सालीं. माणसें बदलतात, विष तेंच. जेथें सर्वच काळ सारखा काळा, तेथें वसाहतीची राजवट ही निराळी गोष्ट उरतच नाहीं. ती जुन्याच रात्रीचा एक प्रहर होते. कादंबरीची इच्छा तशी नसेलहि, तथापि जेत्यांच्या नातवांस हा ग्रंथ वाचून हायसें वाटावें, अशी सोय त्यांत राहून गेली आहे. कुरुमा यांच्या ग्रंथांत ती सोय नाहीं. जिगीनें वाहिलेले नरबळी आणि लोहमार्गावर मेलेले वेठे हे दोन्ही अपराध ते मांडतात, पण एकानें दुसऱ्याची फेड करीत नाहींत. राजाचा अपराध राजाच्या नांवें, सरकारचा सरकारच्या नांवें, अशीं दोन खातीं त्यांनीं शेवटपर्यंत वेगळीं ठेवलीं आहेत. ऐतिहासिक उपहासाची ही कसोटी आम्हांस महत्त्वाची वाटते. उपहास सर्वांचा करावा. परंतु सर्वांचा अपराध एकच आहे असें भासवूं नये. सर्वच अपराधी म्हटलें कीं, कोणीच अपराधी राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सव्वाशें वर्षें जगणाऱ्या राजाच्या कथेंत तारखा कसल्या शोधतां? आक्षेप बरोबर दिसतो. परंतु राजाचें हें अमानुष आयुष्य मुद्दाम योजिलेलें आहे. फ्रेंच अंमलदार येतात, बदलतात, निघून जातात. फ्रान्समध्यें सरकारें पडतात. महायुद्धें दोनदां होतात. आणि या सर्वांच्या खालीं तोच एक म्हातारा जिवंत आहे. वसाहतीचा सबंध काळ एका माणसाच्या अंगावरून गेला हें दाखविण्यास एवढें आयुष्य लागणारच. तारीख पुसण्यासाठीं नव्हे, सगळ्या तारखा एका शरीरावर उमटविण्यासाठीं ही युक्ति आहे.

ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग घाईचा आहे. निवडणुका, पक्ष, राजपुत्रांचीं भांडणें यांची गर्दी होते आणि पूर्वार्धांतील संथ, श्वास घेणारी शैली वार्तापत्राच्या चालीवर येते. गोरे अंमलदार एकाहून एक निराळे दाखविण्याचा प्रयत्न दिसतो, तरी ते वृत्तींचे नमुने राहतात, माणसें होत नाहींत. राजाची आवडती राणी मुसोकोरो ही मोठ्या ताकदीची व्यक्ति आहे, पण ती बहुतेक राजवाड्याच्या कुंपणांतूनच आपणांस दिसते. ओस पडलेल्या गांवांतील ज्या बायकांचे नवरे वेठीस गेले त्यांचा आवाज त्या मोठ्या ‘आम्ही’मध्यें फार क्वचित् ऐकूं येतो. दुभाष्याच्या ग्रंथांत हें एक भाषांतर राहिलें, असें म्हणावेसें वाटतें. विनोदाचा सोस कांहीं ठिकाणीं आवरलेला नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. मात्र अखेरीस, सोबाच्या लोकांपुढें स्वातंत्र्य, एकाच पक्षाचें राज्य, राष्ट्राचे तारणहार म्हणविणारे पुढारी, लष्करी बंडें, असे नवे नवे ‘मोन्ने’ वाट पाहत उभे आहेत हें लेखक ज्या थोडक्यांत सुचवितात, तेथें उत्तरार्धाची घाई बरीचशी क्षम्य ठरते. त्या पुढच्या काळावर त्यांनीं १९९८ सालीं आणखी एक विस्तृत कादंबरी लिहिली, आणि तींतील हुकूमशहाच्या चेहऱ्यांत टोगोचे अध्यक्ष एयादेमा यांचा चेहरा ओळखण्यास वाचकांस वेळ लागला नाहीं.

मराठी वाचकानें हा ग्रंथ कां वाचावा, याचें एक कारण आमच्याच घरांत आहे. १८७१ सालच्या ‘मोचनगडा’पासून आमच्या ऐतिहासिक कादंबरीनें उदयाचे आणि पराक्रमाचे दिवस प्रेमानें रंगविले; हरिभाऊ आपट्यांनीं ‘वज्राघातां’त विनाशाचें चित्रहि काढलें, पण तें शोकान्त भव्यतेचें. दुसऱ्या बाजूस श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून उपहासाची एक चांगली परंपरा आम्हांजवळ आहे. तिनें आपले रोख समकालीन रूढींवर धरले. इतिहास आणि उपहास या दोन घराण्यांत आमच्याकडे सोयरीक फारशी झाली नाहीं. १८१८ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंहांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें, १८३९ सालीं उतरविलें, १८४८ सालीं ती गादीच खालसा केली. या तीस वर्षांत दरबार भरत होते, मुजरे होत होते, रेसिडेंटाचे खलिते येत होते आणि मधें कोणीतरी ते वाचून दाखवीत होतें. त्या वाचून दाखविणाऱ्याच्या तोंडून ती कथा सांगितली गेली असती तर ती कशी झाली असती, हा विचार ‘मोन्ने’ मिटून ठेवल्यावर आमच्या मनांत बराच वेळ राहिला. अशा कथेनें छत्रपतींचा उपमर्द झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं. जिगीचा झालेला नाहीं.

हा ग्रंथ मराठींत यावा आणि तो इंग्रजीवरून न येतां मूळ फ्रेंचांतून यावा, अशी आमची इच्छा आहे. फ्रेंच जाणणारे मराठी पदवीधर आज दुर्मिळ नाहींत. मालिंके वळणाची फ्रेंच मराठींत आणतांना भाषांतरकारास पुष्कळ गाळावें लागेल, कांहीं बदलावें लागेल. त्याबद्दल त्यास कोणी दोष देणार नाहीं. फक्त काय गाळलें आणि कां गाळलें, एवढें त्यानें प्रस्तावनेंत सांगावें. सुमारेनें निदान राजाला तेवढें सांगितलें होतें.